घंटा बांधून भागत नाही

अंगणातले शेजारी : लेखांक ६

ब्रिटनमधले लोक घरामागच्या बागेत पक्ष्यांसाठी काय काय टांगून ठेवतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. दाणे, शेंगदाणे, चरबीचे गोळे आणि त्यांवर तुटून पडणारे ब्लू टिट, रॉबिन, चिमण्या. याच बागेवर आणखी एकाचा डोळा असतो. दाराच्या खालच्या झडपेतून ते ये-जा करते, त्याचे पोट भरलेले असते आणि तरीही ते झुडपाआड दबा धरून बसते. दाणे घालणारे हात आणि मांजर कुरवाळणारे हात अनेकदा एकाच माणसाचे असतात. मग सकाळी पायपुसण्यावर मेलेला पक्षी दिसला की पंचाईत होते. मांजराला ओरडून उपयोग नाही आणि गप्प बसवत नाही.

मांजरे मारतात तरी किती? याचा एक गाजलेला हिशेब बेडफर्डशायरमधल्या फेल्मरशॅम या खेड्यात मांडला गेला. पीटर चर्चर आणि जॉन लॉटन यांनी गावातल्या सत्तरएक मांजरांच्या मालकांना पिशव्या वाटल्या. मांजराने घरी आणलेले काहीही, मग तो अख्खा उंदीर असो की नुसता पिसांचा पुंजका, पिशवीत भरून ठेवायचे. दर आठवड्याला पिशव्या गोळा व्हायच्या. वर्षभरात हजारावर नग जमले. उंदरांसारखे छोटे सस्तन प्राणी सर्वांत जास्त होते आणि पक्ष्यांत पहिला नंबर चिमण्यांचा. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ मध्ये मॅमल सोसायटीने एप्रिल ते ऑगस्ट अशी देशभर पाहणी केली. तिच्यातून निघालेला अंदाज असा, की ब्रिटनमधल्या मांजरांनी त्या पाच महिन्यांत सुमारे ९ कोटी २० लाख प्राणी घरी आणले आणि त्यांत २ कोटी ७० लाख पक्षी होते.

हे झाले घरी आणलेल्यांचे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स परिसरात ५५ पाळीव मांजरांच्या गळ्यात छोटे कॅमेरे अडकवले, तेव्हा दिसले की शिकार करणारी मांजरे निम्म्याहून कमीच होती. मात्र त्यांनी पकडलेल्यांपैकी जेमतेम पाव हिस्सा घरी पोचला. बाकीचे काही जागीच खाल्ले आणि जवळपास निम्मे तिथेच टाकून दिले. ‘आमची मनी वर्षाकाठी दोन-चारच धरते’ म्हणणारा मालक खोटे बोलत नसतो. त्याला दिसते तेवढेच तो सांगतो.

असे असूनही ब्रिटनमधली पक्षीसंरक्षणाची सर्वांत मोठी संस्था, आरएसपीबी, बागेतल्या पक्ष्यांची संख्या मांजरांमुळे घटल्याचा स्पष्ट पुरावा नाही असेच सांगत आली आहे. बागेतले छोटे पक्षी पिल्ले भरपूर घालतात आणि त्यांतली बरीचशी उपासमारीने किंवा रोगाने दगावणारच असतात. मांजराच्या तावडीत सापडलेले पक्षी काचेवर आपटून मेलेल्यांपेक्षा अशक्त होते, असेही एका अभ्यासात आढळले. पण हा दिलासा संख्येने भरपूर असलेल्या पक्ष्यांपुरताच आहे. जमिनीवर घरटे करणाऱ्या, मोजकेच उरलेल्या पक्ष्याला हे गणित लागू होत नाही.

आता मालकांकडे वळू. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मालकांचे पाच गट मांडले. एकाला शिकारीची खंत वाटते आणि जबाबदारीही आपली वाटते. दुसऱ्याला वाईट वाटते, पण इलाज सापडत नाही. तिसऱ्याची काळजी मांजराबद्दलच असते, ते गाडीखाली येईल किंवा कोणी चोरेल म्हणून तो त्याला घरात ठेवतो. चौथ्याच्या मते हिंडणे हा मांजराचा हक्कच आहे. पाचव्याने या गोष्टीचा कधी विचारच केलेला नसतो. यातली गंमत ही, की तिसऱ्या गटाकडून पक्षी वाचतात ते पक्ष्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे. ‘मांजरे कोंडून ठेवा’ हा सरसकट उपदेश चौथ्या गटाला भडकवतो आणि पाचव्याच्या कानावरून जातो.

म्हणूनच याच विद्यापीठाचा २०२१ चा प्रयोग महत्त्वाचा ठरतो. नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या २१९ घरांतल्या ३५५ मांजरांवर उपाय करून पाहिले, तेही त्यांचे हिंडणे न थांबवता. मांसातूनच भरपूर प्रथिने मिळतील असे, धान्य नसलेले खाणे दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. काही तयार खाण्यांतल्या वनस्पतिज प्रथिनांतून मांजराला हवे ते सगळे मिळत नसावे, असा संशोधकांचा तर्क आहे. मालकाने रोज पाच-दहा मिनिटे खेळवले, म्हणजे दोरीला बांधलेले पीस ओढत नेले आणि झडप घालू दिली, तर २५ टक्के घट झाली. पट्ट्यावर रंगीबेरंगी कापडाची झालर चढवल्यावर पक्ष्यांची शिकार ४२ टक्क्यांनी उतरली. पक्ष्यांची रंगदृष्टी तीक्ष्ण, त्यामुळे हिरवळीतून सरकणारा भडक रंग त्यांना आधीच दिसतो. उंदरांना मात्र या झालरीचा फायदा झाला नाही. खटपट करून खाऊ काढायला लावणाऱ्या भांड्याने तर उलटेच केले, शिकार ३३ टक्क्यांनी वाढली.

आणि घुंगरू? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी, यावर उंदरांची सभा कायमची अडलेली. इथे मालकाने ती बांधूनही या प्रयोगात म्हणावा असा फरक पडला नाही. आधीच्या काही अभ्यासांत घुंगराने शिकार कमी झाली होती, पण फक्त त्यावर विसंबून चालणार नाही. पट्टा कोणताही असो, कुठे अडकला तर ओढ बसताच आपोआप सुटणारा हवा, नाहीतर मांजराच्याच जिवावर बेतते.

दोन गोष्टींना खर्च नाही. मार्च ते जुलै हा तिकडे पिल्लांचा हंगाम, त्या काळात सूर्योदयाच्या नि सूर्यास्ताच्या आसपास मांजराला आत घ्यावे. आणि तोंडातून जिवंत सुटलेला पक्षी वरवर धडधाकट दिसला तरी लगेच सोडून देऊ नये. मांजराच्या लाळेतल्या जिवाणूंमुळे छोट्या ओरखड्यातूनही तो दगावू शकतो, त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.

हिंडण्याचा हक्क सांगणाऱ्या मालकालाही खेळ आणि खुराक यांवर आक्षेप घ्यायला जागा नाही, कारण दोन्हींत मांजराचे भलेच आहे. ‘तुमच्या मांजराला हे आवडेल’ असे सांगितले, तर पक्ष्यांचे नावही न काढता पक्षी वाचतात.

मोजकेच उरलेले पक्षी मात्र मालकांच्या मर्जीवर सोडता येत नाहीत. जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ गावात २०२२ मध्ये तुरेवाल्या चंडोलांसाठी मांजरांवर थेट संचारबंदीच लागू झाली. तिची हकिगत पुढच्या आठवड्यात.