दहा नंबरचा पाना

‘स्मरणिकेसाठी वैद्यकीय विषय सोडून काहीही लिहा,’ असे संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा घरची मंडळी एकमुखाने म्हणाली, ‘मग तुमच्या पान्यांवर लिहा!’ रविवारी सकाळी मोटारीचे बॉनेट उघडून त्यात डोके खुपसणारा बालरोगतज्ज्ञ म्हणून शनवाऱ्यात माझी थोडीफार ख्याती आहे. हात कितीही घासून धुतले तरी नखांच्या कडांना ग्रीसची काळी रेघ उरतेच. ती पाहून नातवाला घेऊन आलेल्या एका आजीबाईंनी, ‘डॉक्टरसाहेब, जोडधंदा काढला काय?’ असे विचारलेही होते. जोडधंदा नाही, छंदच आहे. मात्र त्याच्या मुळाशी एक ओशाळवाणी आठवण आहे. ती आधी सांगतो.

माझे वडीलही डॉक्टर. त्यांच्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी होती. त्या गाडीच्या डिकीत कॅनव्हासची एक गुंडाळी असे. ती उलगडली की शिवलेल्या कप्प्यांत पाने मापाच्या क्रमाने मांडलेले दिसत. काम झाले की वडील प्रत्येक पाना रॉकेलच्या फडक्याने पुसून त्याच्याच कप्प्यात ठेवत. १९९८ साली ती पद्मिनी विकली, तेव्हा मी नुकताच एम. डी. होऊन गावी परतलो होतो. गिऱ्हाइकाने गुंडाळीकडे पाहिले आणि मी उदारपणे म्हणालो, ‘तीही घेऊन जा.’ वडील काही बोलले नाहीत. पुढे मी जुनी मारुती ८०० घेतली आणि रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून प्लॅस्टिकच्या पेटीतला चकचकीत पान्यांचा संच घेतला. किंमत दीडशे रुपये. स्वस्तात काम झाले, या समाधानात दोन-तीन वर्षे गेली.

२००१ च्या हिवाळ्यातील एका रात्री अडीच वाजता एका प्रसूतिगृहातून फोन आला : ‘बाळ रडत नाही, लगेच या.’ मी खाली धावलो, किल्ली फिरवली. नुसता ‘टक्’ असा आवाज. बॉनेट उघडून टॉर्च मारला, तो बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली. काम दोन मिनिटांचे होते : क्लॅम्पचा नट सैल करायचा, टर्मिनल खरवडायचे, पुन्हा आवळायचे. दहा नंबरचा पाना लावून मी जोर दिला. पान्याचा जबडा उघडला आणि पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. तिसऱ्या खेपेस नटाचे कोपरे गोल झाले आणि माझी बोटे पत्र्यावर आपटून सोलली. अखेर शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या स्कूटरवर पोहोचलो. जिथे आठ मिनिटांत जायचे, तिथे पंचवीस मिनिटे लागली.

मी आत शिरलो तेव्हा बाळ रडत होते. तेथील अनुभवी सिस्टरने बाळाला कोरडे केले होते, मान योग्य स्थितीत ठेवली होती आणि बॅग-मास्कने श्वास दिला होता. तिच्या हातातील मास्क मी पाहिला. नाक आणि तोंड पूर्ण झाकणारा, डोळ्यांवर न चढणारा, हनुवटीखाली न उतरणारा, अगदी मापाचा! माझ्या वैद्यकबंधूंना सांगायला नको, की त्या पहिल्या मिनिटाची भरपाई पंचविसाव्या मिनिटाला आलेला कोणताही एम. डी. करू शकत नाही. बाळ वाचले, त्याचे श्रेय सर्वस्वी तिचे. तिचे साधन मापाचे होते, तपासलेले होते, हाताशी होते. माझे यांपैकी काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझ्या एका बालरुग्णाचे आजोबा मदतीला आले. ते यंत्रमागांचे फिटर. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. लॉक होणाऱ्या पकडीने त्यांनी तो गोल झालेला नट काढला, नवा बसवला आणि स्वतःच्या रिंग पान्याने आवळला. मग माझा पाना उचलून एका कोऱ्या बोल्टवर बसवला. तो डुगडुगत होता. त्यांचा पाना बसवला. तो हललाच नाही. चाचा म्हणाले, ‘डाक्टर साब, पाना सस्ता लिया, तो नट महँगा पड़ता है.’ त्या वाक्यापासून माझे शिक्षण सुरू झाले. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पोलादाची परीक्षा

चकाकी हा दर्जाचा पुरावा नव्हे. क्रोमचा मुलामा गंज रोखतो, बळ देत नाही. उलट हलक्या पान्यावरील मुलाम्याचे पापुद्रे निघून हात कापतो. बळ आतील पोलादाचे आणि ते घडवण्याच्या रीतीचे. चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा असतो. तापलेले पोलाद साच्यात घणाच्या आघाताने घडवतात आणि नंतर त्याला पाणी देऊन पुन्हा बेताने तापवतात. पाना नटापेक्षा कठीण हवा, पण काचेसारखा ठिसूळ नको. हा तोल उष्णताप्रक्रियेत साधतो आणि खर्च वाचवायचा झाला की पहिली कात्री नेमकी तेथेच लागते. शल्यचिकित्सक मित्रांना हे वेगळे सांगायला नको. हलक्या आर्टरी फोरसेप्सचे लॉक टेबलावर उत्तम लागते. सुटते ते धमनी पकडलेली असतानाच.

आपल्या देशात हात-अवजारांची मोठी केंद्रे जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर येथे आहेत. आपल्या महाराष्ट्रातील नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत टपारियाचा कारखाना आहे. स्वीडनमधील कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ पासून ही अवजारे आपल्याकडे बनू लागली. तेव्हा उत्तम पाना परदेशीच असतो, हा समज सोडून द्यावा. भारतीय मानकांत उघड्या जबड्याच्या पान्यांसाठी २०२८ आणि रिंग पान्यांसाठी २०२९ हे क्रमांक आहेत. पान्यावर निर्मात्याचे नाव व माप खोलवर आणि स्वच्छ उमटलेले असावे. नामांकित मार्कांच्या नकलाही बाजारात असतात; म्हणून ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन खरेदी करावी.

दुकानात जाताना मी खिशात दहा आणि चौदा नंबरचे दोन कोरे बोल्ट नेतो. पाना बसवून हलकेच डुलवून पाहावा. जबड्याच्या दोन्ही आतल्या बाजू समांतर आहेत का, हे उजेडासमोर धरून पाहावे. पक्कड मिटल्यावर तिच्या धारेतून प्रकाश दिसू नये आणि सांध्यात ती खिळखिळी नसावी. दुकानदार हसतो, हसू द्यावे.

माप

नवजाताच्या श्वासनलिकेत घालावयाच्या नळ्यांच्या मापांत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो आणि त्या अर्ध्या मिलिमीटरवर सारे अवलंबून असते. नटाचेही तसेच. अकराचा पाना दहाच्या नटावर ‘चालवून घेणे’ म्हणजे नटाचे कोपरे घालवणे. उघडा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना सहाही कोपऱ्यांना कवेत घेतो. म्हणून घट्ट नट रिंगने किंवा गोटी पान्याने सोडवावा, सैल झाल्यावर उघड्या पान्याने भरभर काढावा. गंजलेल्या नटासाठी बारा कोनांपेक्षा सहा कोनांची गोटी अधिक विश्वासाची. मागे-पुढे होणारा अ‍ॅडजस्टेबल पाना मोहक असतो; पण ज्याला माप ठाऊक नाही त्याचा तो आधार आहे. त्याला शेवटचा पर्याय मानावे.

स्क्रू-ड्रायव्हरच्या बाबतीतही एक बारकावा आहे. जपानी धाटणीच्या वाहनांतील काही चौफुली स्क्रूंच्या खाचा नेहमीच्या फिलिप्सपेक्षा किंचित निराळ्या असतात. तेथे साधे टोक तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढते आणि खाच खाऊन टाकते. टोक आधी बसवून पाहावे, मगच जोर द्यावा.

पेटीत काय असावे

पंचाहत्तर नगांच्या संचाचा मोह टाळावा. त्यातील साठ नग कधीच बाहेर येत नाहीत. त्याच पैशांत थोडी पण खरी अवजारे येतात. माझ्या पेटीत ही आहेत :

१. आठ ते एकोणीस नंबरपर्यंतचे, एका टोकास उघडे व दुसऱ्या टोकास रिंग असलेले पाने. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा ही मापे सर्वाधिक लागतात.
२. त्याच मापांच्या सहा कोनी गोट्या, रॅचेट आणि एक लांब दांडी.
३. चपट्या व चौफुली टोकांचे दोन-दोन स्क्रू-ड्रायव्हर, साधी पक्कड, निमुळती पक्कड, लॉक होणारी पक्कड.
४. एलन-कीचा संच आणि गाडीच्या मापाचा प्लग पाना.
५. चाकाचे नट काढण्यासाठी लांब दांडीचा पाना. हवेच्या यंत्राने आवळलेले नट गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याला दाद देत नाहीत, हे मी खांडव्याच्या वाटेवर, असीरगडाच्या पायथ्याशी, भर उन्हात शिकलो.
६. टॉर्क रेंच. ही चैन वाटेल, पण अ‍ॅल्युमिनियममध्ये बसणारा प्लग किंवा ऑइलचा बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळला, तर आटे जातात आणि बिल मोठे येते. गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. डोसाप्रमाणे तोही पाहूनच द्यावा. वापरानंतर रेंचची स्प्रिंग सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावी.

वापराचे दोनच नियम सांगतो. पाना ढकलू नये, स्वतःकडे ओढावा. निसटला तरी बोटे शाबूत राहतात. आणि त्याला पाइप घालून लांबी वाढवू नये; मापानुसार बेताचाच जोर लागावा, म्हणूनच त्याची लांबी ठरलेली असते. बॅटरीचे काम असल्यास ऋण तार आधी काढावी आणि शेवटी जोडावी. टर्मिनलवरील पूड खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने निघते. ती महिन्यातून एकदा पाहिली असती, तर हा लेख लिहावा लागला नसता.

रेफर केव्हा करावे

आपण डॉक्टर मंडळी स्वतःच्या मर्यादेबाहेरचा रुग्ण पुढे पाठवतो. त्यात कमीपणा नसतो. बॅटरी, प्लग, एअर फिल्टर, वायपर, दिव्याचा बल्ब, चाक बदलणे इतकेच मी करतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांना हात लावत नाही. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली कधीही जात नाही. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. त्यासाठी सपाट जमिनीवर भक्कम स्टँड हवेत आणि चाकांना अडण हवी. एवढी जुळवाजुळव होत नसेल, तर गॅरेजचा रस्ता धरावा.

चाचा आता नाहीत. जाण्यापूर्वी एकदा दवाखान्यात येऊन त्यांनी तो दहा नंबरचा रिंग पाना माझ्या टेबलावर ठेवला आणि ‘हाथ में अच्छा बैठता है, रख लो,’ असे म्हणून पैसे न घेता निघून गेले. वडिलांची गुंडाळी मी इतक्याच सहजपणे देऊन टाकली होती, हे त्या वेळी मनात आल्यावाचून राहिले नाही.

गेल्या वर्षी माझी मुलगी नोकरीसाठी पुण्यास गेली. तिने स्वतःची गाडी घेतली, तेव्हा मी येथील शिंप्याकडून कॅनव्हासची एक गुंडाळी शिवून घेतली आणि तिच्यात सात पाने मापाच्या क्रमाने लावले. दहा नंबरच्या कप्प्यात चाचांचा पाना ठेवला. तिने विचारले, ‘बाबा, हा एकच जुना का?’ मी तिला त्या रात्रीची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर ती उठली, खाली गेली आणि बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनल पाहून आली.