पेशीविना पेशीविभाजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती विरुद्ध बाजूंना ओढल्या जातात. सूक्ष्मनलिकांचा तर्कू आणि त्या नलिकांना गुणसूत्राशी जोडणारा कायनेटोकोर हे काम करतात. पेशी फोडली की ही यंत्रणाही मरते आणि परीक्षानळीत निर्जीव लगदा उरतो, हा पहिला गैरसमज. १९८३ मध्ये लोहका आणि मासुई यांनी बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात शुक्रपेशींची केंद्रके घातली, तेव्हा त्यांतून विभाजनाच्या अवस्थेतली गुणसूत्रे तयार झाली. १९८९ मध्ये मरे आणि कर्शनर यांनी अशा अर्कातले संदेशवाहक आरएनए नष्ट केले आणि फक्त सायक्लिन या पेशीचक्र चालवणाऱ्या प्रथिनाचा आरएनए घातला. तेवढ्यावर पेशीचक्र पुन्हा फिरू लागले.

दुसरा गैरसमज असा की जे जिवंत पेशीत दिसते, तेच नळीत पुन्हा दिसते; मग खटाटोप कशाला? पण पेशीत सगळे घटक एकाच वेळी कामाला असतात, म्हणून कोणता आवश्यक आणि कोणता नुसताच हजर, हे तिथे सहज ठरत नाही. तर्कूला सेंट्रोसोम, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून फुटतात ते केंद्र, हवाच, असे पूर्वी मानले जाई. १९९६ मध्ये रिबेका हील्ड आणि सहकाऱ्यांनी डीएनए चिकटवलेले चुंबकीय मणी अंड्यांच्या अर्कात सोडले. सेंट्रोसोम नव्हते, कायनेटोकोरही नव्हते. तरी मण्यांभोवती दोन ध्रुवांचा तर्कू उभा राहिला. कायनेटोकोरचेही तसेच. ताण पडला की जोड टिकतो, हे निकलस यांनी नाकतोड्याच्या पेशींत पूर्वीच दाखवले होते. मात्र त्याचे श्रेय ताणाला द्यायचे की चुकीचे जोड सोडवणाऱ्या ऑरोरा-बी विकराला, हे पेशीत उलगडेना. २०१० मध्ये सिएटलच्या संशोधकांनी यीस्टमधून कायनेटोकोर शुद्ध केले आणि लेसरच्या चिमट्याने ओढून पाहिले. ऑरोरा-बीविनाही ठरावीक मर्यादेपर्यंत ताण वाढला, तसा जोड अधिक वेळ टिकला.

यावर रास्त आक्षेप आहेत. अर्कात पेशीचा आकार नसतो, शुद्धीकरणात काही प्रथिने निसटतात, आणि या प्रयोगातल्या यीस्टचा कायनेटोकोर एकाच सूक्ष्मनलिकेला धरतो, तर माणसाचा अनेकींना. म्हणून ‘नळीत घडले’ याचा अर्थ ‘पेशीत असेच घडते’ असा घ्यायचा नसतो. उदाहरणार्थ, सेंट्रोसोमविना तर्कू बनू शकतो, पण सेंट्रोसोम असलेल्या पेशीत तर्कूची उभारणी मुख्यतः तिथूनच होते. कोणते घटक पुरेसे आहेत, हे नळी सांगते. पेशी प्रत्यक्षात कोणता मार्ग वापरते, हे पेशीलाच विचारावे लागते. दोन्ही प्रयोग एकमेकांना तपासतात, म्हणूनच दोन्ही लागतात.