कन्फ्यूशियसची शिकवण : तालीम, तरबियत आणि परीक्षा

हैदराबादकराला चीन भेटतो तो बहुधा सालारजंग संग्रहालयात, चिनी मातीच्या भांड्यांच्या रूपाने. ती भांडी ज्या समाजाने घडविली त्याच्या विचाराशी मात्र आपली ओळख तोकडीच आहे. ज्ञानासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जावे, अशा अर्थाचे वचन मुस्लिम समाजात पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. हदीसच्या अभ्यासकांनी त्याची सनद कमकुवत ठरविली, तरी ते लोकांच्या तोंडी टिकले. तेथे जाऊन शिकायचे काय, याचे एक उत्तर, निदान शिक्षकांपुरते, कन्फ्यूशियसच्या शिकवणीत सापडते.

कन्फ्यूशियसचा काळ इ. स. पूर्व ५५१ ते ४७९ असा मानतात. आजच्या शांतुंग प्रांतातील लू राज्यात तो जन्मला. वडील लहानपणीच वारले. गरिबीत वाढून त्याने किरकोळ नोकऱ्या केल्या. उतारवयात अनेक वर्षे तो शिष्यांसह एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हिंडला, पण आपले ऐकणारा राजा त्याला भेटला नाही. परतल्यावर अध्यापन हेच त्याचे काम उरले. त्याची वचने व संवाद शिष्यपरंपरेने 'लुन्यू' या ग्रंथात जमविले.

या शिकवणीचा गाभा दोन शब्दांत आहे. 'रेन' म्हणजे माणुसकी आणि 'ली' म्हणजे विधी, शिष्टाचार, मर्यादा. 'ली'ला उर्दूतील 'अदब' हा शब्द सर्वांत जवळचा. तिसरा शब्द 'जुन्त्झ'. त्याचा मूळ अर्थ सरदारपुत्र. कन्फ्यूशियसने तो जन्मावरून उचलून आचरणावर नेऊन ठेवला. उर्दूतील 'शरीफ' शब्दाचा प्रवासही असाच झाला : आधी कुलीन घराण्यातला, मग सद्वर्तनी. शब्दाचा असा अर्थपालट ही लहान बाब नव्हे. गरीब घरच्या मुलालाही 'सरदारपुत्र' होण्याची वाट त्यातून मोकळी झाली. शिकविताना उच्चनीच भेद करू नये, असे त्याचे मत होते. वाळवलेल्या मांसाची जुडी एवढी गुरुदक्षिणा आणणाऱ्यालाही तो परत पाठवीत नसे.

चीनमधील मुस्लिम विद्वानांनी या शब्दसंपदेचा जो उपयोग केला तो आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. वांग दाइयू याने १६४२ साली आणि लिउ झि याने अठराव्या शतकाच्या आरंभी इस्लामची तत्त्वे थेट कन्फ्यूशियन परिभाषेत मांडली. लिउ झिने इस्लामच्या पाच अरकानांबरोबरच पितापुत्र, पतिपत्नी, बंधू, मित्र, राजाप्रजा या पाच नात्यांचे विवेचन केले. स्वतःचा धर्म न सोडता शेजाऱ्याच्या भाषेत बोलणे म्हणजे काय, याचा हा उत्तम नमुना होय. लिउ झिने मौलाना जामींच्या 'लवाइह' या फारसी ग्रंथाचे चिनी रूपांतरही केले. बीदरचा मदरसा उभारणाऱ्या महमूद गावानशी पत्रव्यवहार करणारे जामी ते हेच. बीदर आणि नानजिंग यांच्या वाचनात एकच लेखक असावा, हे दख्खनच्या वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या शिकवणीचे पुढे काय झाले, हा शिक्षकांसाठी अधिक महत्त्वाचा भाग. सातव्या शतकाच्या आरंभापासून चीनमध्ये सरकारी नोकरीसाठी लेखी परीक्षा रूढ होत गेली. १३१३ मध्ये चू शी याच्या भाष्यासह कन्फ्यूशियन 'चार ग्रंथ' हा तिचा अधिकृत अभ्यासक्रम ठरला. परीक्षेने घराणेशाहीला शह दिला, यात शंका नाही. पण तालीम राहिली आणि तरबियत निसटली. उत्तर ठरावीक आठ भागांत लिहायचे, एवढ्यावर सारे येऊन थांबले. वारंवार नापास झालेला हुंग श्यूछ्वान हा उमेदवार पुढे ताइपिंग बंडाचा (१८५०–६४) नेता झाला. परीक्षा अखेर १९०५ मध्ये रद्द झाली. तोवर इंग्लंडमध्ये स्पर्धा परीक्षेचा वाद गाजून गेला होता आणि त्यात चीनचा दाखला दिला जात होता. १८५५ पासून भारतातील सनदी सेवेसाठी स्पर्धा परीक्षा सुरू झाली. आजच्या आपल्या परीक्षा तिच्याच वंशातल्या.

विसाव्या शतकात कन्फ्यूशियसवर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी अन्याय्य नव्हती. स्त्रियांना त्याच्या विचारात नगण्य स्थान आहे. वडीलधाऱ्यांच्या आज्ञेचा अतिरेक तेथे सहज होतो. १९१९ च्या सुमारास चिनी तरुणांनी त्याला नाकारले, माओच्या अखेरच्या वर्षांत त्याच्याविरुद्ध मोहीम निघाली. २००४ पासून मात्र चीन सरकारनेच जगभर त्याच्या नावाच्या संस्था काढल्या. मुंबई विद्यापीठातही २०१३ मध्ये अशी एक संस्था निघाली. सत्ता बदलते तसे थोरांचे भाव बदलतात.

हैदराबादेत अशोकनगर, चिक्कडपल्ली भागात स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि अभ्यासिका दाटीवाटीने उभ्या आहेत. तेलंगणात ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेली ग्रुप-१ पूर्वपरीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे मार्च २०२३ मध्ये रद्द झाली. जूनमध्ये पुन्हा घेतलेली परीक्षा उच्च न्यायालयाने रद्द ठरविली. मुलांची वर्षे गेली. नाव आणि वस्तू यांचा मेळ तुटला की कारभार बिघडतो, हा कन्फ्यूशियसचा आग्रह अशा वेळी जुना वाटत नाही. परीक्षा या नावाला साजेशी परीक्षा व्हावी, एवढीच तर मागणी होती.

तथापि नोकरीची इच्छा करणाऱ्याला तो तुच्छ लेखत नसे. तीन वर्षे शिकूनही पगाराचा विचार मनात न आणणारा विद्यार्थी दुर्मिळच, असे तो म्हणे. त्याची अध्यापनाची रीत 'लुन्यू'तील एका प्रसंगात दिसते. ऐकलेली चांगली गोष्ट लगेच आचरावी का, असे त्झलूने विचारले तेव्हा त्याने वडील व थोरल्या भावाचा सल्ला घे, असे सांगितले. रानयौने तेच विचारले तेव्हा लगेच कर, असे उत्तर मिळाले. तिसरा शिष्य गोंधळला. एक उतावळा आहे म्हणून त्याला आवरले, दुसरा मागे राहतो म्हणून त्याला पुढे लोटले, हे गुरूचे स्पष्टीकरण. साठ मुलांच्या वर्गात आणि सेमिस्टरच्या घाईत हे नित्य जमणारे नाही. पण तोंडी परीक्षेत किंवा वह्या तपासताना दोघांना दोन वेगळे शेरे देता येतात.