सोवळ्यातला जीव

देवपूजेला बसताना नेसावयाच्या वस्त्रांत रेशमाचा मान पहिला. मुकटा असो वा पीतांबर, देवापुढे हे वस्त्र सोवळे मानण्याची आपली जुनी रीत आहे. ते कोणत्या किमतीला मिळते, याचा विचार मात्र त्या रीतीत कोठेही आढळत नाही.

रेशमाची अळी तुतीच्या पानांवर सुमारे चार आठवडे वाढते, चार वेळा कात टाकते आणि मग दोन-तीन दिवस अखंड डोके हलवीत स्वतःभोवती कोश विणते. एका कोशात १,००० मीटरच्या आसपास लांबीचा सलग धागा असू शकतो. आतला पतंग बाहेर पडला, की कोशाला भोक पडते आणि धाग्याचा सलगपणा जातो. म्हणून वाफेने किंवा उष्ण हवेने आतला जीव आधीच मारतात.

चीनमधील कलावंत लिआंग शाओजी यांनी १९८९ पासून या अळ्यांनाच आपल्या कामात सहकारी करून घेतले. जळक्या तांब्याच्या तारांचे चिमुकले पलंग करून त्यांवर त्यांनी अळ्यांना धागा सोडू दिला. काळवंडलेल्या धातूवरचे ते मऊ आवरण पाहताना रेशीम हे आधी कोणाचे तरी घर होते, याची आठवण होते. अमेरिकेत नेरी ऑक्समन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६,५०० अळ्या धाग्यांच्या एका सांगाड्यावर सोडल्या. अळ्यांनी कोशाऐवजी सपाट थर विणला आणि पुढे त्यांचे पतंग झाले.

कोणी म्हणेल, कलादालनातल्या या कौतुकाचा तुती लावणाऱ्या शेतकऱ्याला किंवा येवल्याच्या पैठणी विणकराला काय उपयोग? आक्षेप खोटा नाही. सपाट थराची पैठणी होत नाही. पतंग निघून गेलेल्या कोशांचे ‘अहिंसा रेशीम’ कापसासारखे कातावे लागते. ते महाग पडते आणि त्याला तशी झळाळीही नसते. ज्यांची चूल या धंद्यावर पेटते, त्यांना घरबसल्या उपदेश करणे सोपे आहे. तो येथे करावयाचा नाही.

प्रश्न नेसणाऱ्यांचा आहे. हजारो वर्षे माणसाने पाळल्यामुळे या पतंगाला उडता येत नाही. तो काही खात नाही. प्रजा मागे ठेवून थोड्याच दिवसांत मरतो. तेवढे आयुष्यही आपण त्याला नाकारतो. सोवळे म्हणजे शुचितेचे भान असेल, तर पीतांबराची घडी मोडताना निदान एवढे मनाशी कबूल करावयास हवे.