कडेचे नाटक आणि आपली लेकरे

लेकरांना घेऊन नाटकाला चला, असे वस्तीत म्हटले की उत्तर ठरलेले असते : "ते आपलं काम नाही. तिकीट परवडत नाही, पोरं बसत नाहीत, अन् कळतंय काय त्यांना?" कारखान्यातून आठ तासांची पाळी करून आलेल्या बापाला आणि चार घरची धुणीभांडी करून आलेल्या माउलीला दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण नाटक हे आपले काम नाही, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरो नावाचे शहर आहे. 1947 साली तिथे मोठा कलामहोत्सव भरला. त्याचे आमंत्रण नसलेल्या आठ नाटकमंडळ्या रुसून घरी बसल्या नाहीत. मिळेल त्या जागेत त्यांनी आपापले प्रयोग लावले. त्या बिनबुलावलेल्या नाटकांना पुढे 'फ्रिंज' म्हणजे कडेचे असे नाव पडले. आज त्या कडेच्या महोत्सवाची गणना जगातल्या सर्वांत मोठ्या कलामहोत्सवांत होते आणि लोक मुलाबाळांसह तो बघायला जातात.

वाचकहो, कडेला उभे राहणे आपल्याला काय नवीन आहे? महात्मा फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले, तेव्हा दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाला कोणी नाट्यगृह दिले नव्हते. गावकुसाबाहेरची मोकळी जागा हाच रंगमंच आणि कंदील हीच प्रकाशयोजना. समोर बसलेल्या अडाणी आयाबायांना बाबासाहेबांची चळवळ या जलशांनी समजावून सांगितली. त्यांच्या मांडीवर लेकरे असायचीच.

आपल्या शहराचा तर यात मोठा वाटा आहे. बाबासाहेबांनी 1950 साली सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. 1955 साली ते नागसेनवनात बाबासाहेबांच्या उपस्थितीत झाले आणि 1956 साली नागपूरच्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या वेळीही झाले. पुढे दलित रंगभूमी याच मराठवाड्याच्या मातीत वाढली. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात रुस्तुम अचलखांब यांनी विद्यार्थी घडवले, प्रकाश त्रिभुवन यांनी 'थांबा, रामराज्य येतंय' लिहिले, नांदेडच्या दत्ता भगतांनी 'वाटा पळवाटा' दिले. ही वडिलोपार्जित इस्टेट आहे आणि आपल्या मुलांना तिचा पत्ताही नाही!

हिशेबाचे बोलू, कारण हिशेब हा आमचा रोजचा धंदा आहे. व्यावसायिक नाटकाला पाच माणसांचे घर घेऊन जायचे, तर तिकिटांतच आठवड्याचा बाजार जातो. पण पथनाट्याला तिकीट नसते. विद्यापीठाच्या युवक महोत्सवात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय, लोकनाट्य असे सगळे एकाच आवारात बघायला मिळते. राज्य नाट्य स्पर्धेची आणि बालनाट्य स्पर्धेची तिकिटे व्यावसायिक नाटकाच्या मानाने किरकोळ असतात. 14 जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर जनसागर लोटतो. पुस्तकांचे गठ्ठे आणि भीमगीते यांच्यामधून फिरताना कोपऱ्यात कुठे पथनाट्य चालू दिसले, तर पाच मिनिटे थांबा. खर्च काय तो रिक्षाचा.

आता अनुभवाच्या चार गोष्टी. गेली काही वर्षे आम्ही वस्तीतली दहा-बारा मुले घेऊन अशा नाटकांना जातो. त्यांना जेवू घालूनच न्यावे, पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी पिशवीत ठेवावी. मोठ्या नाटकाने सुरुवात करू नये, अर्ध्या-पाऊण तासाची एकांकिका पुरे. नाट्यगृहात कडेच्या खुर्च्या धराव्यात, म्हणजे लहानग्याला मुतारीकडे न्यायला दहा जणांचे पाय तुडवावे लागत नाहीत. मूल रडू लागले तर बाहेर यावे, त्यात लाज कसली? आणि कपड्यांवरून कोणी नाक मुरडले, तरी मान खाली घालू नये. खुर्चीवर जात लिहिलेली नसते.

खरा प्रश्न पुढेच आहे. आपली नाटके हसवणारी कमी, जाळणारी जास्त. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'मध्ये पाण्यासाठी माणसाची काय विटंबना होते, ते दिसते. असे काही आठ वर्षांच्या लेकराला दाखवावे काय? आमच्यासोबत येणाऱ्या एका माउलीने स्पष्ट सांगितले, "आम्ही भोगलं ते पुरे झालं. माझ्या पोरीला ते बघायलासुद्धा लागू नये." तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या घराने घाव सोसला, ते घर लेकरांपासून तो झाकणारच.

पण झाकलेला घाव मुलांना कळत नाही असे थोडेच आहे? शाळेत आडनाव विचारले जाते, घरमालक खोली नाकारतो, तेव्हा मूल सगळे टिपत असते. फक्त त्याचा अर्थ त्याला कोणी सांगत नाही, म्हणून ते स्वतःलाच कमी समजू लागते. नाटक हा अर्थ उघड करते. दोष सोसणाऱ्याचा नाही, करणाऱ्याचा आहे, हे रंगमंचावर डोळ्यांना दिसते आणि शेजारी आई बसलेली असते. म्हणून वय बघावे, विषय आधी विचारून घ्यावा, मारहाण-अत्याचार असेल तर लहानांना नेऊ नये. लहानांसाठी प्रहसन, मूकाभिनय, बालनाट्य आहेच. दहा-बारा वर्षांपुढच्यांना न्यावे, पण परत येताना गप्प बसू नये. "तू तिथे असतास तर काय केलं असतंस?" एवढा एकच प्रश्न विचारावा.

ती माउली पुढच्या वेळी मुलीला घेऊन आली. प्रयोग संपल्यावर पोर म्हणाली, "आई, त्या बाईनं हंडा सोडायचा नव्हता." यावर आम्ही काय बोलणार? आई मात्र रस्ताभर तिच्याशी बोलत होती, स्वतःच्या गावच्या विहिरीबद्दल. ते तिने आजवर घरात कधी काढले नव्हते.

आपल्या प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे. रविवारी वंदनेनंतर एक तास मुलांना द्या. त्यांनी पाहिलेले नाटक त्यांना करू द्या, चुकू द्या, हसू द्या. पडदा नको, माइक नको. एक सतरंजी आणि बघणारी चार माणसे पुरे. जलसा तरी आणखी कशावर उभा राहिला होता?