स्लॅब ओतण्याआधी रिंगा बघा
कागलकरांनो, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप घरातल्या थोरांना विचारा. आयएस १८९३ या भूकंप-मानकाच्या २०१६ च्या नकाशात आपण झोन तीनमध्ये आहोत, म्हणून भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाचं मानक, आयएस १३९२०, पाळायलाच हवं. हादऱ्यात बीम वाकला, त्याची सळई ताणली गेली तरी चालेल. एकदम तुटता कामा नये.

त्यासाठी कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात रिंगा दाट हव्यात. दोन रिंगांमधलं अंतर म्हणून खोलीचा चौथा भाग, सर्वांत बारीक मुख्य सळईच्या व्यासाची आठपट किंवा १०० मिमी, यांतलं सर्वांत कमी ते घ्या. सळई १२ मिमीची असेल तर ९६ मिमीच्या वर नाहीच! साइटवर बऱ्याचदा सरसकट सहा इंच दिसतं. रिंगेचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. ९० अंशांचे हूक कव्हर उडालं की उघडतात. फिटर कुरकुरेल. कुरकुरू द्या.