तुकडी बदलून मागावी का?

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. 1895 साली जन्मलेले विनोबा पुढे बडोद्याच्या शाळेत शिकले. दुसरी भाषा घ्यायची वेळ आली तेव्हा आईचे म्हणणे संस्कृत, वडिलांचे म्हणणे फ्रेंच. त्यांनी फ्रेंच घेतले. त्याच्या काही वर्षे आधी मुंबईत सुभेदार रामजींच्या मुलाला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले व बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली. मूल कोणत्या वर्गात बसणार, हे त्या काळी त्याची जात ठरवी.

आज लहान गावच्या प्राथमिक शाळेत इयत्तेला बहुधा एकच वर्ग असतो. मूल मोठ्या हायस्कुलात गेले की अ, ब, क सुरू होते. कित्येक ठिकाणी तुकड्या गुणांवर पाडतात आणि शेवटच्या तुकडीला पोरेच ‘ढ तुकडी’ म्हणू लागतात. आपल्यातले पुष्कळ पालक हे मुकाट्याने मान्य करतात. गुरुजींना कसे विचारायचे, हा संकोच. शिवाय शाळेत जायचे म्हणजे एक खाडा.

शेजारच्याचा मुलगा ‘अ’ मध्ये आहे म्हणून अर्ज करू नये. ‘ब’ मध्ये गणिताच्या बाई मनापासून शिकवत असतील तर लेकराला तिथेच राहू द्यावे. पण वह्या महिनोन् महिने तपासल्या जात नाहीत, एका विषयाला शिक्षकच नाही, ठराविक मुलेच कायम मागे बसतात, झाडलोट त्यांच्याच वाट्याला येते, अशी स्थिती असेल तर जरूर विचारावे. आधी वर्गशिक्षकांना भेटावे, मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. ‘वर्ग चांगला नाही’ असे मोघम लिहू नये. तारीख घालावी, वही दाखवावी.

बसण्याच्या जागेने काय होते? कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातील अभ्यास जागतिक बँकेने 2004 साली प्रसिद्ध केला. सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या भूलभुलैयातून वाट काढायला दिली होती. जात पुकारली नाही तेव्हा सवर्ण व दलित मुले जवळजवळ बरोबरीची ठरली. सर्वांसमोर जात वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कोडी कमी सुटू लागली. मुले तशीच होती, कोडीही तशीच होती.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांशी शाळेत भेदभाव करण्यास आणि मानसिक छळास मनाई केली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. ही समिती आठवीपर्यंतच्या सरकारी व अनुदानित शाळांना लागू आहे. खाजगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के राखीव जागांवर घेतलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवू नये, असे केंद्राचे 2010 चे नमुना नियम सांगतात.

जातीवरून वागणूक बदलत असेल तर एकट्या आपल्या मुलाची तुकडी बदलून भागत नाही. बाकीची लेकरे तिथेच राहतात. अशा वेळी वस्तीतल्या चार-पाच आयांनी मिळून, तुकड्या कशावरून पाडल्या, हे समितीच्या बैठकीत लेखी मागावे आणि ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.